क्रिकेटवीर रणजी

सौराष्ट्राच्या पश्चिम भागात, कच्छच्या आखाताला लागून, पूर्वी नवानगर नावाचे एक संस्थान होते. जामनगर ही त्याची राजधानी. तेथील राजांना 'जामसाहेब' म्हणत. ह्या संस्थानातील सडोदर नावाच्या लहानशा गावी १० सप्टेंबर १८७२ रोजी एका जाडेजा रजपूत कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव रणजितसिंह. घराणे राजाच्या भाऊबंदांपैकी होते. परंतु नवानगरची गादी कधी ह्या मुलाच्या वाट्याला येईल, असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

जामसाहेब विभाजी ह्यांचे वय तेव्हा पन्नाशीकडे झुकले होते. गादीला वारस हवा म्हणून १८७८ साली त्यांनी सहा वर्षांच्या रणजितला दत्तक घेतले. खेड्यात वाढणारा हा मुलगा एकाएकी संस्थानचा युवराज झाला. पण हे भाग्य फार दिवस टिकले नाही. १८८२ साली विभाजींना पुत्र झाला. त्याचे नाव जसवंतसिंह. लोक त्याला जसाजी म्हणत. आपल्यामागून जसाजीलाच गादी मिळावी असे विभाजींना वाटू लागले आणि पुढे इंग्रज सरकारनेही ती गोष्ट मान्य केली. रणजितच्या हातून राज्य गेले. ज्यांनी त्याला युवराज केले, त्यांनीच त्याचे युवराजपद काढून घेतले. दोन्ही वेळा त्याला कोणी काही विचारले नव्हते. तेव्हा तो अवघा दहा-बारा वर्षांचा होता.

ह्या सुमारास रणजित राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकत होता. काठेवाडातील संस्थानिकांच्या मुलांसाठी ही शाळा काढलेली होती. चेस्टर मॅकनॉटन हे तेथील मुख्याध्यापक. अभ्यासाइतकेच खेळांनाही ते महत्त्व देत. त्यांच्या देखरेखीखाली रणजित घोड्यावर बसणे, टेनिस आणि क्रिकेट शिकला. क्रिकेटमध्ये त्याने लवकरच पुढे पाऊल टाकले आणि तो शाळेच्या संघाचा नायक झाला. मॅकनॉटन ह्यांचा ह्या बुद्धिमान व मनमिळाऊ मुलावर फार लोभ होता. १८८८ साली त्यांनी काही निवडक विद्यार्थ्यांना आपल्याबरोबर इंग्लंडास नेले, त्यांत रणजित होता. लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियन संघाचा सामना पाहताना, हा खेळ किती उंचीवर जाऊ शकतो हे त्याने प्रथमच पाहिले. पुढल्याच वर्षी तो केंब्रिज विद्यापीठातील ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला.

राजकोटच्या शाळेत रणजित हा उत्तम खेळाडू गणला जाई. केंब्रिजला मात्र त्याची कोणी दखल घेतली नाही. तेथील विद्यार्थ्यांना त्याचे नावसुद्धा नीट उच्चारता येत नसे. त्यांनी त्याला 'स्मिथ' असे एक सोपे नाव देऊन टाकले! भारतातून आलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या संघात खेळू शकेल, ही कल्पना त्यांच्या मनाला शिवत नव्हती. संघाने पाठ फिरवली म्हणून रणजितसिंह घरी बसले नाहीत. केंब्रिज शहरात 'पार्कर्स पीस' नावाचे एक मोठे मोकळे मैदान आहे. तेथे गावातील साधे लोक क्रिकेट खेळत. ह्या लोकांच्या संघांतून ते खेळू लागले. एका सामन्यात आपला डाव आटोपला, की शेजारच्या सामन्यात जाऊन खेळायचे, असा त्यांचा क्रम असे.

ह्याच काळात त्यांनी आपल्या खेळातील उणिवा शोधण्यास आरंभ केला. वेगवान चेंडू अंगावर आला म्हणजे त्यांचा उजवा पाय नकळत मागे सरे. फलंदाजाच्या दृष्टीने हा मोठाच दोष. पाय सरकला की शरीराचा तोल जातो, बॅट वाकडी पडते आणि यष्ट्या उघड्या पडतात. हा दोष घालवायचाच, असा निर्धार करून रणजितसिंहांनी टॉम रिचर्डसन, लॉकवुड ह्यांच्यासारख्या नामांकित व्यावसायिक गोलंदाजांना बोलावून सरावास सुरुवात केली. तासन्‌तास ते जाळ्यात उभे राहून चेंडू खेळत. उजवा पाय हलू नये म्हणून तो जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधून ठेवीत, अशी हकीकत सांगतात.

ह्या सरावातून एक विलक्षण गोष्ट घडली. उजवा पाय जागेवर खिळल्यामुळे अंगावर येणाऱ्या चेंडूपासून दूर पळणे शक्य नव्हते. तेव्हा रणजितसिंह डावा पाय आडवा टाकून चेंडूच्या रेषेत येऊ लागले आणि चेंडू बॅटीला लागण्याच्या क्षणी मनगट किंचित वळवू लागले. एवढे केले, की चेंडू आपल्याच वेगाने पायांच्या बाजूने मागे निसटे आणि सीमेपार जाई. जोराने फटका मारण्याची गरजच उरत नसे. गोलंदाजाने चेंडूला दिलेला वेग फलंदाजाच्या उपयोगी पडे. हाच तो 'लेग ग्लान्स' नावाचा फटका. पूर्वीच्या फलंदाजांना तो अगदीच अपरिचित होता असे नाही. पण त्याला पूर्णत्व आणले ते रणजितसिंहांनी. जेथे त्यांचा दोष होता, तेथेच त्यांचे सर्वांत मोठे सामर्थ्य निर्माण झाले.

त्या वेळी केंब्रिजच्या संघात एफ. एस. जॅक्सन नावाचा एक उमदा खेळाडू होता. रणजितसिंहांच्या खेळाविषयी त्याचेही मत आरंभी चांगले नव्हते. १८९२-९३ च्या हिवाळ्यात तो लॉर्ड हॉक ह्यांच्या संघाबरोबर भारतात आला. येथे त्याने भारतीय खेळाडूंचे क्रिकेट प्रत्यक्ष पाहिले. त्याचा ग्रह पालटला. परत गेल्यावर, केंब्रिजचा संघनायक ह्या नात्याने, १८९३ साली त्याने रणजितसिंहांना विद्यापीठाच्या संघात घेतले. केंब्रिजच्या संघात स्थान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. चार वर्षे ज्या दाराशी ते उभे होते, ते दार अखेर उघडले.

शिक्षणाचा काळ संपल्यावर रणजितसिंह ससेक्स परगण्याच्या संघात दाखल झाले. मे १८९५ मध्ये लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध ते ससेक्सकडून पहिला सामना खेळले. पहिल्या डावात त्यांनी नाबाद ७७ आणि दुसऱ्या डावात १५० धावा काढल्या. एका मोसमात त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांचे लांबलचक नाव इंग्रज प्रेक्षकांनी 'रणजी' असे सुटसुटीत करून घेतले आणि पुढे तेच रूढ झाले.

१८९६ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात आला. त्या मोसमात रणजी भराभर धावा काढीत होते. इंग्लंडच्या संघात त्यांची निवड होणार असे लोकांना वाटत होते. त्या काळी ज्या मैदानावर कसोटी सामना होई, तेथील क्रिकेटसंस्था इंग्लंडचा संघ निवडीत असे. पहिला सामना लॉर्ड्सवर होता आणि तेथील संघनिवड एम. सी. सी. ह्या संस्थेकडे होती. १८९० ते १८९५ ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे त्या संस्थेतील वजनदार पुढारी होते. रणजींचा जन्म इंग्लंडातला नाही, तेव्हा त्यांना इंग्लंडकडून खेळवू नये, असे त्यांचे मत होते. नवल असे, की खुद्द हॅरिस ह्यांचा जन्म वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर झालेला होता! रणजींना वगळण्यात आले.

ह्या घटनेचे मर्म कळण्यासाठी तो काळ ध्यानात घ्यावयास हवा. भारतावर इंग्रजांचे राज्य होते. जित लोक आपल्या बरोबरीचे नव्हत, अशी बहुसंख्य इंग्रजांची समजूत होती. १८८८ साली प्रत्यक्ष इंग्लंडच्या पंतप्रधानांनी दादाभाई नौरोजींचा उल्लेख जाहीर सभेत 'काळा मनुष्य' असा केला होता. पण त्याच इंग्लंडातील मतदारांनी १८९२ साली दादाभाईंना पार्लमेंटात निवडून दिले. दोन्ही प्रकारची माणसे त्या देशात होती. रणजींच्या बाबतीतही हाच अनुभव आला. त्यांना वगळल्याबद्दल अनेक क्रिकेटप्रेमींनी व वृत्तपत्रांनी नापसंती व्यक्त केली.

दुसरा कसोटी सामना मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर व्हावयाचा होता. तेथील निवडसमितीने रणजींना बोलावणे धाडले. रणजींनी मात्र एक अट घातली. आपल्या खेळण्यास पाहुण्या ऑस्ट्रेलियन संघाची हरकत नसेल, तरच आपण खेळू, असे त्यांनी कळवले. ऑस्ट्रेलियाचे संघनायक हॅरी ट्रॉट ह्यांनी आनंदाने संमती दिली. अशा रीतीने १६ जुलै १८९६ रोजी रणजी कसोटीच्या मैदानात उतरले. कसोटी सामना खेळणारे ते पहिले भारतीय होत.

ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ४१२ धावा केल्या. इंग्लंडचा डाव २३१ धावांत आटोपला. त्यांतील ६२ धावा रणजींच्या होत्या. १८१ धावांची पिछाडी असल्यामुळे नियमाप्रमाणे इंग्लंडला लगेच पुन्हा फलंदाजीस यावे लागले. दुसऱ्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा इंग्लंडचे ४ गडी १०९ धावांत बाद झाले होते. रणजी ४१ धावांवर खेळत होते. सामना हातचा गेला, अशीच सर्वांची समजूत झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी रणजी पुन्हा मैदानात आले आणि त्यांनी जो खेळ केला, तो पाहून प्रेक्षकांनी तोंडात बोटे घातली. अर्नेस्ट जोन्स हा ऑस्ट्रेलियाचा अतिशय वेगवान गोलंदाज. त्याच्या चेंडूंचा मारा अंगावर येत असता रणजी जराही मागे सरले नाहीत. ज्या पायाला एके काळी खुंटीशी बांधावे लागे, तो पाय आता आपोआप जागेवर ठरत होता. मनगटाच्या लहानशा हिसड्यासरशी चेंडू सीमेकडे धाव घेत होते. दुसऱ्या बाजूने इंग्लंडचे गडी एकामागून एक बाद होत होते. रणजी मात्र अढळ राहिले. उपाहाराची वेळ होण्यापूर्वी त्यांनी त्या सकाळी ११३ धावा काढल्या. कसोटी सामन्यात उपाहारापूर्वीच्या एकाच सत्रात शंभर धावा काढणारे ते पहिले फलंदाज ठरले. इंग्लंडचा डाव ३०५ धावांवर संपला तेव्हा रणजी १५४ धावांवर नाबाद होते. संघाच्या निम्म्याहून अधिक धावा त्यांनी एकट्याने काढल्या होत्या. बाकीच्या दहा जणांपैकी कोणालाही ४१ च्या पुढे जाता आले नव्हते.

ऑस्ट्रेलियाला विजयासाठी १२५ धावा हव्या होत्या. टॉम रिचर्डसन ह्या गोलंदाजाने सलग तीन तास मारा करून ऑस्ट्रेलियाला झुंजवले. हाच तो रिचर्डसन, ज्याचे चेंडू रणजी सरावासाठी खेळत असत. तरीही ऑस्ट्रेलियाने ३ गडी राखून सामना जिंकला. इंग्लंड हरले, परंतु रणजींना संघात घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न त्या दिवशी कायमचा निकालात निघाला. वाद घालणाऱ्यांशी रणजींनी एक शब्दही वाद घातला नव्हता. त्यांच्या बॅटीने उत्तर दिले होते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये होव्ह येथे यॉर्कशायरविरुद्धच्या सामन्यात रणजींनी १०० आणि नाबाद १२५ अशी दोन शतके दोन डावांत काढली आणि तीही एकाच दिवशी. त्या मोसमात त्यांच्या एकूण धावा २,७८० झाल्या. डब्ल्यू. जी. ग्रेस ह्या थोर खेळाडूने १८७१ साली केलेला २,७३९ धावांचा विक्रम पंचवीस वर्षे कोणी मोडला नव्हता. तो रणजींनी मोडला. पुढे १८९९ साली त्यांनी ३,१५९ धावा केल्या. एका मोसमात तीन हजारांच्या वर धावा काढणारे ते पहिले फलंदाज होत. १९०० साली त्यांनी पुन्हा तीन हजारांचा टप्पा ओलांडला. १८९९ ते १९०३ ही पाच वर्षे ते ससेक्सचे संघनायक होते. एका भारतीयाच्या हुकमतीखाली इंग्रज खेळाडू आनंदाने खेळत होते.

१८९७ च्या अखेरीस रणजी इंग्लंडच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियास गेले. सिडनीच्या पहिल्या कसोटी सामन्याच्या वेळी ते घशाच्या विकाराने अंथरुणास खिळले होते. पावसामुळे सामना काही दिवस पुढे ढकलण्यात आला, तेवढीच त्यांना विश्रांती मिळाली. अंगात शक्ती नसल्यामुळे ते नेहमीपेक्षा उशिरा, सातव्या क्रमांकावर, खेळावयास आले आणि त्यांनी १७५ धावा केल्या. इंग्लंडकडून कसोटी सामन्यात तोवर कोणीही इतक्या धावा केल्या नव्हत्या. इंग्लंडने तो सामना ९ गडी राखून जिंकला. १८९७ सालीच 'द ज्युबिली बुक ऑफ क्रिकेट' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपण जे कष्टाने शिकलो, ते इतरांनाही कळावे म्हणून खेळाच्या प्रत्येक अंगाची माहिती त्यात दिलेली आहे.

रणजी अंगाने सडपातळ होते. खेळताना ते मनगटांना बटणे लावलेला सैल रेशमी सदरा घालीत. त्या काळचे बरेच फलंदाज बळाच्या जोरावर चेंडू पुढे टोलवीत. रणजी उशिरापर्यंत चेंडूची वाट पाहत आणि अगदी शेवटच्या क्षणी हलक्या हाताने त्याला दिशा देत. त्यासाठी तीक्ष्ण नजर, लवचीक मनगट आणि शांत मन ह्या तिन्ही गोष्टी लागतात. पाहणाऱ्यांना त्यांचा खेळ जादूसारखा वाटे. ह्या जादूमागे असलेले जाळ्यातील दीर्घ परिश्रम मात्र फार थोड्यांनी पाहिले होते.

इंग्लंडातील लोक रणजींना कौतुकाने 'प्रिन्स', म्हणजे राजपुत्र, म्हणत. वस्तुतः त्या वेळी ते कोणत्याही राज्याचे युवराज नव्हते. नवानगरचा वारसा जसाजींकडे होता. रणजींजवळ फारसा पैसाही नव्हता; ऐटीने राहण्याच्या सवयीमुळे त्यांना अनेकदा कर्ज काढावे लागे. जन्माने आणि दत्तकविधानाने जे त्यांना लाभले नाही, ते त्यांनी खेळाच्या मैदानावर मिळवले. तेथे कोणाच्या मर्जीने धावा मिळत नाहीत. प्रत्येक धाव ज्याची त्यालाच काढावी लागते.

१९०२ साली रणजी शेवटचा कसोटी सामना खेळले. १५ कसोटी सामन्यांत त्यांच्या ९८९ धावा झाल्या. १९०४ च्या मोसमानंतर ते भारतात परतले. १९०६ साली जामसाहेब जसाजी तरुणपणीच मृत्यू पावले. गादीच्या हक्काचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि ह्या वेळी सरकारने रणजींच्या बाजूने निर्णय दिला. ११ मार्च १९०७ रोजी रणजितसिंहजी नवानगरचे जामसाहेब झाले. जी गादी दहा-बारा वर्षांच्या वयात दुरावली होती, ती चौतिसाव्या वर्षी त्यांच्याकडे आली.

राज्याची स्थिती मात्र बिकट होती. तिजोरीत पैसा नव्हता आणि पाऊस बेभरवशाचा. १९११ साली तर मोठा दुष्काळ पडला. रणजींनी शेतीच्या पाण्याकडे लक्ष पुरवले, लोहमार्ग वाढवले, जामनगरचे अरुंद रस्ते रुंद केले आणि समुद्रावर बेडी बंदर बांधून राज्याच्या व्यापाराला चालना दिली. सूर्यकिरणांनी रोग्यांवर उपचार करण्यासाठी त्यांनी जामनगरात एक नवलाची इमारत उभारण्याचे काम हाती घेतले; सूर्याच्या गतीबरोबर ती फिरत राहावी अशी तिची रचना होती. पहिल्या महायुद्धानंतर ते राष्ट्रसंघाच्या सभांना भारताचे प्रतिनिधी म्हणून हजर राहिले. त्यांच्या कारभारावर टीकाही झाली. प्रजेवरील कर जड आहेत आणि राजाचा स्वतःचा खर्च अवाढव्य आहे, अशा तक्रारी होत असत. क्रिकेटच्या मैदानावर एकट्याच्या कौशल्याने डाव सावरता येतो. राज्याचा डाव तितका सोपा नसतो.

महायुद्धाच्या काळात रणजी फ्रान्समधील रणक्षेत्रावर गेले होते. १९१५ साली रजेवर इंग्लंडात असता शिकारीच्या वेळी एका बंदुकीचे छरे लागून त्यांचा उजवा डोळा निकामी झाला. फलंदाजाला डोळ्यांहून मोलाचे दुसरे काय असणार? तरीही १९२० साली, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होत आली असता, रणजी ससेक्सकडून पुन्हा तीन सामने खेळले. एका डोळ्याने त्यांना चेंडूचे अंतर नीट कळत नव्हते. शरीरही स्थूल झाले होते. त्या तीन सामन्यांत मिळून त्यांना केवळ ३९ धावा काढता आल्या. ज्या फलंदाजाने प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ७२ शतके केली होती, त्याला त्या धावांचे दुःख झालेच असेल. पण आपल्याला हसतील ह्या भयाने ते मैदानापासून दूर राहिले नाहीत.

रणजींच्या खेळाविषयी सर्वांचे एकमत असले, तरी एका गोष्टीबद्दल त्यांना दोष दिला जातो. भारतात परतल्यावर येथील क्रिकेटसाठी त्यांनी जेवढे करावयास हवे होते, तेवढे केले नाही, असे अनेकांचे मत आहे. त्यांच्या तरुणपणी भारताचा कसोटी संघच अस्तित्वात नव्हता. सी. के. नायडू ह्यांच्या नेतृत्वाखाली भारत १९३२ साली पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा रणजींनी साठीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते. रणजींचे पुतणे दुलीपसिंहजी हेही इंग्लंडकडूनच खेळले. १९३० साली लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी १७३ धावा काढल्या. इंग्रजी क्रिकेटने रणजींना मोठे केले आणि त्यांचे मनही अखेरपर्यंत तेथेच रमले. हे खरे असले, तरी भारतीय खेळाडू जगातील कोणत्याही खेळाडूच्या बरोबरीने उभा राहू शकतो, हे सर्वांत आधी रणजींनीच दाखवून दिले.

२ एप्रिल १९३३ रोजी जामनगर येथे रणजींचे देहावसान झाले. पुढल्याच वर्षी भारतातील सर्व प्रांतांच्या संघांसाठी एक राष्ट्रीय स्पर्धा सुरू करण्यात आली. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग ह्यांनी तिच्यासाठी करंडक दिला आणि त्याला रणजींचे नाव देण्यात आले. १९३४-३५ साली मुंबईने पहिला रणजी करंडक जिंकला. प्रा. दि. ब. देवधर ह्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे तो पटकावला. १९४८ साली पुण्यात ह्याच स्पर्धेत महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा काढल्या आणि त्या काढल्या रणजींच्याच काठेवाडच्या संघाविरुद्ध! पुढे मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे हा करंडक आपल्याकडे राखला.

आज नवानगर संस्थान उरलेले नाही. स्वतंत्र भारतात सर्वच संस्थाने विलीन झाली आणि राजांच्या गाद्याही गेल्या. रणजींच्या नावाचा करंडक मात्र राहिला आहे. त्यासाठी खेळणाऱ्यांत शेतकऱ्यांची, कामगारांची, कारकुनांची, शिक्षकांची मुले आहेत. संघात येण्यासाठी त्यांना घराण्याचे नाव सांगावे लागत नाही. त्यांनी किती धावा काढल्या आणि किती गडी बाद केले, एवढेच तेथे विचारले जाते. एके काळी रणजींनाही जगाने हाच प्रश्न विचारला होता.

स्वाध्याय

१. रणजितला युवराजपद कसे मिळाले व ते कसे गेले?
२. उजवा पाय मागे सरण्याचा दोष रणजींनी कसा घालवला? त्यातून कोणता फटका तयार झाला? तो फटका कसा मारतात ते आपल्या शब्दांत सांगा.
३. एफ. एस. जॅक्सन ह्यांचे भारतीय खेळाडूंविषयीचे मत कशामुळे पालटले?
४. मँचेस्टरचा सामना इंग्लंडने गमावला. तरीही तो रणजींच्या आयुष्यात महत्त्वाचा का मानावा?
५. 'क्रिकेटच्या मैदानावर एकट्याच्या कौशल्याने डाव सावरता येतो. राज्याचा डाव तितका सोपा नसतो.' ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. १९२० साली रणजी पुन्हा खेळले हे योग्य केले, असे तुम्हांला वाटते काय? कारणे द्या.
७. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : ध्यानीमनी नसणे, पाठ फिरवणे, निर्धार करणे, तोंडात बोटे घालणे, निकालात निघणे.
८. तुमच्या गावातील किंवा शाळेतील एखादा खेळाडू सराव कसा करतो ते पाहा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.